घासून आणलेला पुरावा

साहेबांच्या पँटला डाग नव्हता. सहादू विधातेला ही गोष्ट त्या दिवशी खुपली आणि पुढची बारा वर्षं खुपत राहिली.

साल १९९३, ऑगस्ट. सिन्नरकडून नाशिककडे उतरणारा सिमेंटचा ट्रक मोहदरी घाटात समोरच्या प्रवासी जीपवर गेला. जीपमधली दोन माणसं जागच्या जागी गेली. ट्रकचा ड्रायव्हर गोरक्ष सावंत नामपूरचा. त्याच्या छातीत स्टिअरिंग घुसलं होतं. दवाखान्यातच त्याला अटक झाली. तो एकच वाक्य बोलत होता, ब्रेक लागला नाही. आठ दिवसांनी पोलिसांनी गाडी सोडली आणि मालकाने ती ओढून न्यायला सहादूला पाठवलं. सहादूचं गॅरेज नाशिकच्या द्वारका चौकाच्या पुढे, हायवेला लागून. मोठ्या गाड्यांचे ब्रेक आणि स्टिअरिंग, याशिवाय तो कशाला हात लावत नसे.

तो पोलीस ठाण्याच्या आवारात पोहोचला तेव्हा गाडी तपासणारे साहेब अजून तिथेच होते. ब्रेक चालू होते की नव्हते, हे कागदावर लिहून देणारे तज्ज्ञ तेच. आवारात घोटाभर चिखल. साहेब व्हरांड्याच्या फरशीवर उभे राहिले. त्यांनी एका शिपायाला केबिनमध्ये चढून पेडल दाबायला सांगितलं. पेडल सैल खाली पडलं. साहेबांनी मान थोडी वाकडी करून गाडीच्या चेपलेल्या तोंडाकडे बघितलं आणि पेनाचं टोपण काढलं.

"साहेब, खाली जायचं असंल तर पोतं टाकून देतो," सहादू म्हणाला. तो जॅक घेऊनच उभा होता.

"तू तुझं काम कर."

दहा मिनिटांत साहेब स्कूटरवर बसून गेले. सहादूने मुद्दाम बघितलं. गुडघे कोरे. इस्त्रीची घडी जशीच्या तशी.

सहादूचं घराणं मखमलाबादचं, माळ्याचं. भाऊ शेवंती आणि गुलाब लावायचे, पहाटे फुलं बाजारात न्यायचे. याला फुलांत गोडी नव्हती. चौथी झाल्यावर शाळा सुटली आणि हा देवळालीकडच्या एका सरदारजीच्या गॅरेजात लागला. तिथे पहिली दोन वर्षं त्याने फक्त नट-बोल्ट डिझेलमध्ये धुतले. तिसऱ्या वर्षी पाना हातात मिळाला. सरदारजी कामात चूक झाली तर मारत नसे, पण घाण पार्ट पुढे केला तर हात सोलपटून काढी. ते अंगात मुरलं. पुढे सहादूच्या स्वतःच्या गॅरेजातही तोच कायदा झाला: गिऱ्हाइकाला दाखवायचा पार्ट आधी धुवायचा, वायर ब्रशने घासायचा, फडक्यात धरून द्यायचा. दुसरा कायदा असा, की तुटका पार्ट मालकाने डोळ्यांनी बघितल्याशिवाय भंगारात जाणार नाही. मालक आला नाही, तर पार्ट जळक्या ऑइलमध्ये बुडवून भिंतीवरच्या खिळ्याला टांगायचा. पत्र्याच्या बिल्ल्यावर गाडीचा नंबर आणि तारीख पंचने ठोकून तो बिल्ला पार्टला तारेने बांधायचा. कितीतरी मालक येतच नसत. मागची भिंत अशा लटकत्या लोखंडाने काळी झाली होती. त्याचा जुना कारागीर सावळीराम म्हणायचा, "मेस्तरी, भिंत पडंल एक दिवस."

"पडू दे. पण गिऱ्हाइक म्हणायला नको, विधातेने चांगला पार्ट काढून इकला."

गोरक्षचा ट्रक गॅरेजात आला त्याच दुपारी सहादू खाली गेला. पाठीवर सरकत तो ब्रेकच्या पेडलपाशी पोहोचला. पेडलपासून मागे व्हॉल्व्हपर्यंत बोटभर जाडीची एक लोखंडी दांडी जाते. पाय दाबला की ती दांडी ढकलली जाते आणि ब्रेक लागतो. ती मधोमध तुटली होती. तुटली तिथे आधीची एक वेल्डिंग होती, कुणीतरी उरकून टाकलेली. सहादूने व्हॉल्व्हकडचा तुकडा सोडवून बाहेर आणला आणि उजेडात धरला.

तुटलेल्या तोंडाचा अर्ध्याहून जास्त भाग काळपट-तांबडा होता. त्यावर लाटांसारख्या बारीक रेघा, शिंपल्यावर असतात तशा. उरलेला भाग चकचकीत, साखरेसारखा रवाळ.

"सावळ्या, हिकडं ये. काय दिसतंय?"

सावळीरामने बघितलं. "जुनी चीर हाय. लय महिन्यांची. गंज बसलाय आत."

"अन् हे?"

"हे त्या दिवशी तुटलं."

"धडकेत तुटली असती तर?"

"तर सगळंच चमकलं असतं."

एवढंच. यात अवघड काही नाही. चीर वेल्डिंगच्या कडेला सुरू झाली, रोज थोडी सरकली, तिच्यात पाणी गेलं, गंज धरला. शेवटी उरलेला बारीक भाग घाटात पायाच्या दाबाने सुटला. गोरक्षचा पाय पोकळीत गेला. धडक नंतर झाली. साहेबांचा अहवाल मात्र उलटा होता: "ब्रेकची दांडी अपघाताच्या आघाताने तुटली. अपघातापूर्वी ब्रेक सुस्थितीत असावेत." असावेत. एक माणूस तुरुंगात जाणार आणि हे लिहितात असावेत.

सहादूने तो तुकडा घरी नेऊन पेटीत ठेवला. पेडलकडचा दुसरा तुकडा नवी दांडी बसवताना सावळीरामने काढला. त्याचं पुढे काय झालं, हे सहादूने विचारलं नाही. त्याला वाटलं, एकाचं तोंड बोलतं तेवढं पुरे.

थोड्या दिवसांनी गोरक्षची बायको दीपमाला गॅरेजवर आली. नामपूरहून सकाळच्या एसटीने निघालेली, पदर डोक्यावर, हातात कोर्टाच्या कागदांची पिशवी. मागून जामिनावर सुटलेला गोरक्ष, छाती धरून चालत.

"मेस्तरी, मी खोटं नही सांगस," तो म्हणाला. "पाय टाकला अन् पेडल खाले गयं. पेडल कटकट करस, आसं शेठला मी दोनदा सांगेल व्हतं. शेठ म्हणे, ही ट्रिप होऊ दे."

"शेठ आता काय म्हणतो?"

"शेठ म्हणस, मना माणूस झोपी गया व्हता."

दीपमाला पुढे आली. ती म्हणाली, "दादा, तुमी कोर्टात येशात का? एवढंच इचारायला आलो."

"येईन," सहादू म्हणाला. "माझ्याकडं पुरावा हाय."

कोर्टाची तारीख पडायला १९९६ उजाडलं. तोवर तो तुकडा पेटीत होता. साक्षीच्या आदल्या दिवशी सहादूने तो बाहेर काढला. तीन वर्षांची धूळ, काजळी, ग्रीस. असला ओंगळ पार्ट न्यायाधीशासमोर ठेवायचा? त्याने ट्रेमध्ये स्वच्छ डिझेल ओतलं. तुकडा भिजवला, वायर ब्रशने घासला. कोपऱ्यात मळ राहिला होता, तिथे पॉलिश पेपर मारला. तासभर तो बसला होता. घरी बायकोने, अंबूबाईने, सदऱ्याला इस्त्री करून ठेवली होती. तिने चकचकीत तुकडा पांढऱ्या फडक्यात बांधून दिला आणि म्हणाली, "चांदीचा वाटतो हो."

सहादूला ते ऐकून बरं वाटलं होतं. ही गोष्ट त्याने पुढे कुणालाच सांगितली नाही.

कोर्टात सरकारी वकिलाने पहिला प्रश्न विचारला, "शिक्षण किती?"

"चौथी."

"पुढे काही परीक्षा? आयटीआय? सर्टिफिकेट?"

"नाय. पंचवीस वर्षं काम हाय."

"काम सगळेच करतात. लोखंड का तुटलं हे सांगायला विद्यापीठात शिकावं लागतं, हे माहीत आहे का?"

"लोखंड तुटलेलं दिसतं, साहेब. त्याला शिकायला लागतं, पण विद्यापीठच लागतं असं नाय."

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. वकिलानेही हसू दिलं. मग त्याने फडकं सोडलं आणि तुकडा उजेडात फिरवला.

"तुम्ही म्हणता यावर जुना गंज होता. दाखवा."

सहादूने तुकडा हातात घेतला. आधी त्याने शंभर वेळा तो तुकडा बघितला होता, पण आता पहिल्यांदा दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघितला. काळं नाही, तांबडं नाही. रेघाही पेपरखाली गेलेल्या. सगळं तोंड एकसारखं चमकत होतं.

"होता, साहेब. मी साफ केला."

"काय केलं?"

"साफ केला. कोर्टात आणायचा म्हणून."

आता सगळे हसले. न्यायाधीशांनी हात वर केला, पण त्यांच्याही ओठांचा कोपरा हललेला सहादूला दिसला.

"म्हणजे पुरावा तुम्हीच घासून टाकलात. आणि आमच्या तज्ज्ञांचा अहवाल चुकीचा, असं तुमचं म्हणणं."

"तज्ज्ञ गाडीखाली गेलेच नाहीत. त्या दिवशी घोटाभर चिखल होता. त्यांच्या गुडघ्याला डाग नव्हता. मी उभा होतो तिथं."

"हे लिहून घेऊ नका," वकील म्हणाला, आणि ते लिहिलं गेलं नाही.

तुकड्यावर मात्र चिठ्ठी लागली, नंबर पडला आणि तो कोर्टाच्या कपाटात गेला. गोरक्षला दीड वर्षाची शिक्षा झाली. अपील करायला मुदत मिळाली म्हणून तो लगेच आत गेला नाही, पण लायसन गेलं. नामपूरच्या कांदा बाजारात तो गोण्या उचलायला लागला, मोडलेल्या छातीने. निकालाच्या दिवशी दीपमाला सहादूशी बोलली नाही. तिने फक्त बघितलं. शिव्या दिल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं.

सहादूने गॅरेजवर येऊन वायर ब्रश उचलला आणि रस्त्यापलीकडे भिरकावला. सावळीराम तो उचलून घेऊन आला.

"मेस्तरी, ब्रशचा काय दोष?"

"माझा हाय. म्हणूनच त्याला फेकला. मला फेकता येत नाय."

आठ दिवस त्याने ब्रशला हात लावला नाही. साहेबांवर राग होता, वकिलावर होता, शेठवर तर होताच. पण त्या तिघांचा राग करून झाला की खाली तोच उरायचा, डिझेलच्या ट्रेपुढे तासभर मन लावून बसलेला. आयुष्यात एकच काम त्याने कधी अर्धवट केलं नव्हतं, घासायचं.

नवव्या दिवशी त्याने अंघोळ करून स्वच्छ कपडे घातले आणि एका पॉलिटेक्निकमध्ये गेला. तिथल्या वर्कशॉपला त्याने पूर्वी एक इंजिन उभं कापून दिलं होतं, पोरांना आतलं दिसावं म्हणून. ते काम उत्तरा गायधनी नावाच्या बाईंनी करवून घेतलं होतं. त्या धातुशास्त्र शिकवायच्या. वडील गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, यात्रेकरूंचे विधी करणारे, आणि ही मुलगी भट्टीपुढे उभी राहणारी. बोलायला धारदार. त्या दिवशीही अंगावर भाजल्याचे ठिपके असलेला अ‍ॅप्रन होता.

"बाई, एक विचारायचंय," सहादू म्हणाला. "कोर्टाने ऐकावं असा माणूस व्हायला काय शिकावं लागतं? किती वर्षं? मी फी भरतो."

त्यांनी त्याला स्टुलावर बसवलं आणि सगळं सांगायला लावलं. तुकडा साफ केल्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले.

"पॉलिश पेपर पण?"

"हो."

"कोणता नंबर?"

"शंभर."

"अरे देवा." त्या उठून खिडकीशी गेल्या आणि परत आल्या. "सहादूभाऊ, दोन गोष्टी ऐका. पहिली. पुरावा कायद्यात पदवी असा शब्द नाही. विशेष कौशल्य असलेला माणूस, असं आहे. कोर्टाला पटलं तर चौथीवाल्याचंही मत चालतं. तुमच्या वकिलाने हे सांगायला पाहिजे होतं. तो झोपला होता का?"

सहादूची कानशिलं तापली. "म्हणजे मला चौथी विचारून हसले ते..."

"ते चुकीचंच. पण दुसरी गोष्ट. वाचायचं कौशल्य तुमच्याकडे होतं, माझ्या अर्ध्या विद्यार्थ्यांपेक्षा जास्त. राखायचं शिक्षण नव्हतं. तुटलेल्या तोंडाला बोटसुद्धा लावायचं नाही, हे आमच्याकडे पहिल्या आठवड्यात शिकवतात. धुवायचं नाही, पुसायचं नाही, दोन तोंडं एकमेकांत बसवून बघायची नाहीत. कुणी काढलं, कधी काढलं, कुणादेखत, हे तिथल्या तिथे लिहायचं. तुम्ही डोळ्यांनी बरोबर होतात आणि हातांनी चुकलात. हसले त्यांच्यावर चिडा, हक्काने चिडा. पण यावरही चिडा."

"चिडलोच हाय."

"चांगलं. आता सांगा, दांडी तुटली म्हणजे तुकडे दोन. दुसरा कुठे आहे?"

सहादूला गॅरेजची मागची भिंत आठवली. तो उठलाच.

गॅरेजात शिरताच त्याने ओरडून विचारलं, "सावळ्या, नामपूरवाल्याच्या गाडीची पेडलकडची दांडी. शेठ बघायला आलता का?"

"तो कशाला येतोय?"

"मग?"

सावळीरामने मागच्या भिंतीकडे हनुवटी उडवली. तीन वर्षांच्या लोखंडात शोधायला त्याला थोडा वेळ लागला. मग स्टुलावर चढून त्याने एक तार सोडवली. तारेला बिल्ला होता, त्यावर गाडीचा नंबर आणि २६-८-९३ ठोकलेलं. खाली दांडीचा अर्धा भाग, घट्ट झालेल्या ऑइलने काळा.

सावळीराम खाली उतरला, खांद्यावरचं फडकं काढलं आणि तुटकं तोंड पुसायला...

सहादूने त्याच्या मनगटावर असा तडाखा मारला की फडकं उडून पडलं. वीस वर्षांत त्याने सावळीरामवर हात उचलला नव्हता.

"तसाच धर. हलू नको. श्वास पण बाजूला सोड."

"मेस्तरी, नुसतं फडकं मारत होतो."

"मी पण नुसतं फडकंच मारलं होतं."

उत्तराबाईंनी सांगितलं होतं तसंच केलं. दुपारी त्या स्वतः आल्या. सोबत नवे वकील आणले, ढुंढिराज शौचे. हे गृहस्थ इतके सावकाश बोलायचे की मध्ये चहा पिऊन व्हावा, पण कागदात पक्के. पलीकडचा टायरवाला आणि रसवंतीवाला पंच म्हणून उभे केले. तुकड्याचा फोटो काढला, शेजारी पट्टी ठेवून. बिल्ल्याचा वेगळा. मग तुकडा जाड कागदात, कागद डब्यात, डब्यावर लाख आणि चार सह्या. सावळीरामने सही करताना विचारलं, "माझी कशाला?"

"काढली तुम्ही ना? ऑइलमध्ये बुडवली तुम्ही?" उत्तराबाई म्हणाल्या.

"मेस्तरींचा कायदा हाय. गंजू नये म्हणून."

"म्हणूनच नवा भाग गंजला नाही आणि जुना गंज हलला नाही." त्या सहादूकडे वळल्या. "सरदारजी जिवंत आहे का तुमचा?"

"नाय."

"असता तर पाया पडले असते. आणि ब्रशबद्दल भांडले असते."

शौचे वकिलांनी अपिलात नवा पुरावा घ्यावा म्हणून अर्ज केला. कोर्ट असल्या अर्जाला सहजासहजी हो म्हणत नाही. तारखांवर तारखा पडल्या. या दीड वर्षात सहादू दर गुरुवारी, गॅरेज बंद असायचं त्या दिवशी, पॉलिटेक्निकमध्ये जायचा. बाई त्याला तुटकं लोखंड दाखवायच्या आणि तो सांगायचा, ओढून तुटलं, पिळून तुटलं, थकून तुटलं. क्वचितच चुकायचा. मग त्या त्याला लिहायला लावायच्या. तिथे त्याचा जीव जायचा. कुणी, कुठून, कधी, कुणादेखत. आठ ओळी लिहायला त्याला पाऊण तास लागायचा आणि घाम यायचा.

"गाडीखाली बरं," तो म्हणायचा.

"लिहा," बाई म्हणायच्या. "साहेबांनी अकरा ओळीत माणूस आत टाकला. तुम्हाला बारा यायला पाहिजेत."

यादरम्यान त्याने आयटीआयचीही चौकशी केली. खिडकीवरच्या कारकुनाने विचारलं, दहावी आहे का. नाही म्हटल्यावर फॉर्म आत ओढून घेतला. त्याच आयटीआयमधून पास झालेली चार माणसं तेव्हा सहादूच्या हाताखाली ब्रेकमधली हवा काढायला शिकत होती.

१९९८ मध्ये अपील चाललं. अर्ज मंजूर झाला तो पंचनाम्यामुळे आणि त्या बिल्ल्यामुळे. पण सरकारी वकील, हा वेगळा होता, उठून म्हणाला की गॅरेजात शेकडो तुकडे लटकतात, हा त्याच दांडीचा कशावरून? बिल्ला काय, कुणीही ठोकेल.

उत्तराबाई साक्षीला उभ्या होत्या. त्यांनी कोर्टाच्या कपाटातला तुकडा मागवला, सहादूने घासलेला. त्या म्हणाल्या, यावरचा गंज गेला आहे, पण लोखंड तुटताना कडेला जे उंचवटे-खळगे पडतात ते वायर ब्रशने पूर्ण जात नाहीत. पेपर मधल्या भागावर लागला आहे, कडेला कमी. मग त्यांनी दोन्ही तोंडांचे मोठे फोटो शेजारी शेजारी मांडले. एकाचा उंचवटा तिथे दुसऱ्याचा खळगा, सव्वीस ठिकाणी. कोर्टाच्या ताब्यात दोन वर्षं असलेला तुकडा आणि भिंतीवरचा तुकडा, एकाच दांडीचे. आणि भिंतीवरच्या तोंडावर, ऑइल उतरवल्यावर, दोन तृतीयांश भाग जुन्या गंजाचा. शिंपल्यासारख्या रेघा.

"म्हणजे धडकेपूर्वीच?" न्यायाधीशांनी विचारलं.

"कित्येक आठवडे आधी."

मागच्या बाकावर बसून सहादू ऐकत होता. एक एक शब्द त्याचा होता. १९९३ मधल्या त्या दुपारी दोन मिनिटांत तो आणि सावळीराम जे बोलले होते, त्याला पाच वर्षं आणि एका बाईची पदवी लागली होती. बाईंचा त्याला राग नव्हता. त्यांनी साक्षीत तीनदा त्याचं नाव घेतलं होतं. निकालपत्रात मात्र लिहून आलं, "एका गॅरेजमधील इसमाने जपून ठेवलेला तुकडा". इसम. शौचे वकिलांनी वाचून दाखवलं तेव्हा सहादूने विचारलं, "साहेबांचं काय लिहिलंय? चिखलात उतरले नाहीत त्यांचं?"

"त्यांच्या अहवालाशी कोर्ट सहमत नाही, असं आहे."

"बास?"

"बास."

"अन् शेठ?"

शौचे वकिलांनी चष्मा काढून पुसला. त्याअर्थी शेठबद्दल काही नव्हतं.

गोरक्ष सुटला. त्या दिवशी दीपमाला बोलली. "दादा, तुमना मुळे गेलं व्हतं अन् तुमना मुळेच आलं," ती म्हणाली. त्यात माफी होती की हिशेब, सहादूला कळलं नाही, आणि त्याने विचारलं नाही. गोरक्षने लायसन परत घेतलं नाही. पाय टाकला की खाली पोकळी असेल असं वाटतं, म्हणाला. तो कांद्याच्या गोण्यांवरच राहिला. दांडी आधीच चिरलेली होती आणि शेठने ती बदलली नाही, हे मेलेल्या दोघांच्या घरी कुणी जाऊन सांगितलं की नाही, सहादूला अखेरपर्यंत समजलं नाही. तो एकदा सिन्नरपर्यंत गेला होता त्यासाठी. स्टँडवर उतरला, घर विचारत निघाला, आणि अर्ध्या वाटेतून परत फिरला.

२००५ मध्ये नाशिकच्या एका संस्थेने गुन्हे तपासाच्या विज्ञानाचा वर्षभराचा अभ्यासक्रम काढला. बीएस्सी झालेली मुलं-मुली. उत्तराबाई तिथे शिकवायला जायच्या. त्यांनी सहादूला वाहनांच्या भागासाठी घ्या असं लिहून दिलं. संस्थेने पत्रक पाठवून कळवलं, शिक्षक पदवीधर हवा. त्याच पत्रकावर पाहुण्या व्याख्यात्यांची यादी होती आणि तिसरं नाव त्या साहेबांचं. आता ते निवृत्त झालेले, विषय: वाहन अपघातांची तपासणी.

सहादूने पत्रक दोनदा वाचलं. वाचायची सवय आता झाली होती.

"भडकलात," उत्तराबाई म्हणाल्या.

"पोरं पाठवा," सहादू म्हणाला. "गॅरेजवर. कागदावर माझं नाव नको. साहेबांचं व्याख्यान झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी पाठवा."

दहा जण आले. पांढरे शूज, वह्या. सहादूने टेबलावर एक तुटका एक्सल ठेवला होता, ग्रीस आणि मातीने बरबटलेला. शेजारी डिझेलचा ट्रे आणि नवा वायर ब्रश. तो काही बोलला नाही. पाठ करून चहा पीत बसला.

श्रेयस नावाचा एक हुशार मुलगा, विद्यापीठाचं पदक मिळवलेला, मिनिटभर थांबला. मग, काम दाखवून द्यावं म्हणून, त्याने ब्रश उचलला. सहादूने न वळताच हात मागे नेऊन त्याचं मनगट धरलं. चहाच्या ग्लासात त्याला सगळं दिसत होतं.

"नाव काय?"

"श्रेयस."

"ठेव तो खाली. मी पण उचलला होता एकदा. माणूस दीड वर्षाला चालला होता." मग त्याने सगळ्यांना विचारलं, "काल साहेबांनी काय शिकवलं?"

"अहवाल कसा लिहायचा," सई नावाची मुलगी म्हणाली. "त्याचा नमुना दिलाय."

"खाली कसं जायचं, ते?"

सईने नमुन्याचा कागद उलटसुलट करून बघितला.

सहादूने एकच पोतं टाकलं, तेही फाटकं, आणि आवारातल्या ट्रककडे बोट केलं. रात्री धुतलेला होता तो, खालची जमीन ओली. "एकेक जण जा. पेडलपासून व्हॉल्व्हपर्यंत काय काय जोडलंय, सगळं बघून या. कशाला हात लावायचा नाय. वर येऊन बारा ओळी लिहा. तेरा चालतील, अकरा नाय."

दुपारपर्यंत ते चाललं. सावळीराम एकेकाला सरकायचं कसं ते दाखवत होता आणि हसत होता. जाताना सहादू फाटकात उभा राहिला. वह्या त्याने उत्तराबाईंसाठी बाजूला ठेवल्या, वाचल्या नाहीत. तो खाली बघत होता, एकेकाच्या गुडघ्यांकडे. नऊ जणांच्या पँटा चिखलाने माखलेल्या. दहावा, उंच, चष्मेवाला, त्याचे गुडघे कोरे होते. सहादूने ढिगातून त्याची वही काढून उघडली. तीत बारा ओळी भरलेल्या होत्या.

"शेजाऱ्याची बघून लिहिलं?"

मुलाने चष्मा वर सरकवला.

सहादूने ते पान फाडलं, चार तुकडे केले आणि पोत्याकडे हात दाखवला.

"सर, बस जाईल आमची."

"जाऊ दे," सहादू म्हणाला. "मी इथंच हाय."